उकिरड्यावरून उंबरठ्यावर

पुण्याच्या कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या भगिनींनी आपला प्रश्न आपणच कसा सोडविला?

आमच्या वस्तीत एक आक्का राहत. नळाला पाणी यायच्या आधी त्यांच्या दाराची कडी वाजायची. खांद्यावर पोत्यांची घडी, हातात वाकविलेल्या सळईचा आकडा आणि पदरात बांधलेली भाकरी घेऊन त्या निघत. उजाडायच्या आत कचराकुंडी गाठली नाही तर दुसरी कोणी तरी माल वेचून नेई, नाहीतर पालिकेची गाडी सगळेच उचलून नेई. दुपारी परतत तेव्हा डोक्यावर त्यांच्यापेक्षा मोठे बोचके असे. आम्ही मुले खेळता खेळता बाजूला सरत असू. वास यायचा म्हणून.

सायंकाळी आक्का अंघोळ करून, धुतलेले पांढरे लुगडे नेसून विहारात येत. पण त्या बसत शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मागे बसा असे त्यांना कोणी कधी म्हटले नव्हते. पुढे या असेही कोणी म्हटले नव्हते.

आज या पानावर आक्कांसारख्या हजारो भगिनींची हकिगत सांगायची आहे. या बायांना अक्षरओळख नव्हती, भांडवल नव्हते, घरी विचारणारे कोणी नव्हते, आणि समाजाने तर त्यांना कचऱ्यातच मोजले होते. तरीही पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरात त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, महानगरपालिकेला आपले म्हणणे ऐकायला लावले आणि उकिरड्यावरून घरोघरच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. ही कथा दयेची नाही, हिशेबाची आणि स्वाभिमानाची आहे. म्हणूनच आपल्या घराघरांत ती वाचली जावी.

दुष्काळाने दाखविलेली वाट

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता त्यांनी गाव सोडले. मराठवाडा आणि सोलापूरकडची कितीतरी कुटुंबे पुण्याला आली. त्यांत बहुसंख्य आपले होते. बौद्ध होते, मातंग होते. शहरात आलेल्या पुरुषाला कुठे तरी बिगारी मिळे. बाईला मात्र धुणीभांडी करायची तरी जात विचारली जाई. स्वयंपाकघरात शिरू द्यायचे की नाही, हे आडनावावर ठरे.

कचरा मात्र कोणालाही नाव विचारत नाही. त्याला भांडवल लागत नाही, मालक लागत नाही, ओळखीचा माणूस लागत नाही. एक पोते घेतले की धंदा सुरू. नवऱ्याने टाकलेली, नवरा गेलेली, दारुड्याच्या घरात चार पोरे पोसणारी बाई या कामाकडे वळली ती त्यामुळेच. घरकामात बाईसाहेबांची बोलणी खाण्यापेक्षा कुंडीवर निदान कोणी बोलायला नाही, असेही अनेकींना वाटे. या बोलण्यात एक कडू अभिमान आहे, तो आपण समजून घेतला पाहिजे.

पण या स्वातंत्र्याची किंमत जबर होती. फुटक्या काचेने तळवे चिरत. सडक्या कचऱ्यात हात घालून खरूज, खोकला, ताप पाठीस लागे. तीस-चाळीस किलोंचे ओझे रोज वाहून पाठ आणि गुडघे अकाली जात. परिसरात कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पोतेवालीला पकडत. सोसायटीचा रखवालदार हाकलून देई, भटकी कुत्री अंगावर येत.

आणि एवढे करून माल भंगारच्या दुकानात गेला की तिथे दुसरीच लूट. कागदाला ओल आहे म्हणून घट कापायची, काट्यावर हात मारायचा, भाव मनाला येईल तो लावायचा. बाई हिशेब विचारू शकत नव्हती, कारण पोराच्या आजारपणाला त्याच दुकानदाराकडून तिने उचल घेतलेली असे. उचल फिटेपर्यंत माल त्यालाच घालायचा, त्याच्याच भावाने. आणि उचल कधी फिटतच नसे. गावची सावकारी मागे टाकून आलेली बाई शहरात पुन्हा सावकाराच्याच दारात उभी होती.

मुलांना शिकवायला गेले आणि आयांनी धडा दिला

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांचे सहकारी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकविण्यासाठी वस्त्यांत जाऊ लागले. मुले अक्षरे गिरवीत, पण सकाळ झाली की पुन्हा कुंडीवर हजर. मग या कार्यकर्त्यांनी मुलांच्या आयांशी बोलायला सुरुवात केली आणि स्वतःही त्यांच्याबरोबर कुंड्यांवर गेले.

आयांचे उत्तर अगदी व्यवहाराचे होते. कुंडीत सगळा कचरा एकत्र येतो. भाजीच्या देठांत, खरकट्यात भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही. दिवसभर उपसावे तेव्हा जेमतेम पोते भरते, म्हणून पोरालाही हाताशी घ्यावे लागते. घरातल्या लोकांनी कोरडा कचरा वेगळा ठेवून आमच्या हातात दिला, तर निम्म्या वेळात जास्त माल मिळेल. मग पोराला शाळेत धाडायला आमची ना कशाला असेल?

वाचकहो, हा विचार नीट पाहा. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, ही गोष्ट केंद्र सरकारच्या नियमांत २००० साली आली. पुण्याच्या निरक्षर बायांनी ती त्याच्या कितीतरी आधी सांगितली होती. त्यांनी कोणते पुस्तक वाचले नव्हते. भिजलेल्या कागदाचा भाव त्यांनी रोज स्वतःच्या तळहातावर घेतला होता. ज्याच्या पायात काटा रुततो, तो कसा काढायचा हेही त्यालाच आधी कळते.

त्याप्रमाणे कोरेगाव पार्क भागात प्रयोग सुरू झाला. सुमारे तीस बाया ओळखपत्र घेऊन घरोघर जाऊ लागल्या आणि वेगळा केलेला सुका माल गोळा करू लागल्या. हात स्वच्छ राहू लागले, कमाई वाढली. पण चांगल्या मालावर सर्वांचाच डोळा असतो. लवकरच एका व्यावसायिकाची मोटारगाडी त्याच भागात घरोघर कचरा गोळा करायला फिरू लागली. बायांच्या तोंडचा घास जाण्याची वेळ आली.

तेव्हा या बाया रडत बसल्या नाहीत. त्या एकत्र आल्या, रहिवाशांना भेटल्या, आम्ही आधीपासून हे काम करतो, यावर आमचे पोट आहे, असे ठणकावून सांगितले आणि आपली घरे परत मिळविली. या छोट्या लढाईने मोठी गोष्ट शिकविली. तीस बायांचा प्रश्न तीस बायांपुरता नव्हता. आज इथे गाडी आली, उद्या साऱ्या शहरात येईल.

पंचायत उभी राहिली

पुण्यात हमाल पंचायतीचा अनुभव डोळ्यांसमोर होता. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांना डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात संघटित केले होते. पाणवठ्यावरचा भेद मोडण्यासाठी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालविणारे हेच बाबा. कचरावेचकांनाही त्यांचा आधार मिळाला. १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक कष्टकरी जमले. जिला आयुष्यात कोणी सभेचे आमंत्रण दिले नव्हते अशी बाई मंडपात खुर्चीवर बसली. तिथूनच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. ती रीतसर नोंदलेली कामगार संघटना झाली.

आता कोणी विचारेल, मालक नाही, पगार नाही, हजेरीपट नाही, मग ही कसली कामगार संघटना? हाच तर खरा प्रश्न होता. आम्ही कामगार आहोत, भिकारी किंवा चोर नाही, हे आधी सिद्ध करायचे होते. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले. कामगार संघटनांना मालकांनी मान्यता दिलीच पाहिजे, यासाठी त्यांनी १९४३ साली विधेयकही आणले. संघटित गिरणीतला मजूर आणि उकिरड्यावरची एकटी बाई यांच्यात अंतर मोठे होते. पण मान्यतेची भूक दोघांचीही एकच.

एका कार्डाची ताकद

पंचायतीने प्रत्येक सभासदाला फोटोचे ओळखपत्र दिले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांनी या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात असे पाऊल प्रथम उचलणाऱ्या या महानगरपालिका.

सुशिक्षित माणसाच्या पाकिटात अशी पाच-दहा कार्डे असतात, त्याला यात विशेष वाटणार नाही. पण ज्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, तिच्या दृष्टीने हा पहिलाच कागद, आणि त्यावर तिचे काम लिहिलेले. पोलिसाने हटकले तर दाखवायला हाती काही तरी आले. रखवालदाराला सांगता येऊ लागले की मी पंचायतीची आहे. त्याहून मोठे म्हणजे, ‘ए कचरेवाली’ अशी हाक येताच वळून नाव सांगायचे धैर्य आले.

पुढचे पाऊल विम्याचे. या बाया शहराची साफसफाई करतात, तर त्यांच्या आजारपणाची जबाबदारी शहराने घ्यावी, ही मागणी पंचायतीने लावून धरली. २००२-०३ साली पुणे महानगरपालिकेने नोंदीत कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली.

आपला काटा, आपली पेढी

बाहेरची लढाई चालू असताना घरातली गळतीही बुजवायची होती. पंचायतीने स्वतःचे भंगार दुकान चालविले. काटा आपला, भाव फळ्यावर लिहिलेला, आणि नफा सभासदांचा. एका दुकानाने सारा बाजार बदलत नाही. पण खरा भाव काय, हे एकदा कळले की शेजारच्या दुकानदारालाही फार खाली जाता येत नाही. काट्यावर मारलेला हात बाई ओळखू लागली.

दुसरे काम पतसंस्थेचे. थोडे थोडे पैसे दर महिन्याला जमा करायचे आणि अडचणीला आपल्याच संस्थेतून कर्ज घ्यायचे. बचत आपल्या बायांना नवी नाही. वस्तीवस्तीत भिशी चालते. पण भिशीचा पैसा लग्नात आणि सणात जाई, आणि अडीनडीला पुन्हा दुकानदाराची उचल. पतसंस्थेने ती साखळी तोडली. कर्ज आपल्याच पेढीचे असले की माल कोणाला विकायचा हे बाई स्वतः ठरवू शकते. पैशाची गुलामी सुटली तरच भावाची गुलामी सुटते, हे अर्थशास्त्र या भगिनींनी अनुभवाने शिकून घेतले.

मुलांच्या बाबतीतही पंचायत गप्प बसली नाही. दर जूनमध्ये पोरे शाळेत घातली का, याची चौकशी वस्त्यांत होऊ लागली. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांसाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून पंचायत भांडली आणि ती मिळवून दिली. लहान वयात मुलींची लग्ने लावण्याविरुद्धही सभांतून बोलले गेले. संघटना म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. घरातला कारभार सुधारणे हाही तिचाच भाग आहे.

शहर आमचे देणे लागते

‘तुम्हाला कचरा फुकट मिळतो, वर मागण्या कसल्या करता?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना बायांनी आकड्यांत उत्तर दिले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ साली पुण्यातील कचरावेचकांच्या कामाचा अभ्यास झाला. एकेक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे श्रम महानगरपालिकेला फुकट देते, असा हिशेब त्यातून निघाला.

हे कसे? हिशेब साधा आहे. बाईने जो कागद, पत्रा, प्लास्टिक वेचून नेले, ते पालिकेला ट्रकमध्ये भरावे लागत नाही. त्याचे डिझेल वाचते, मजुरी वाचते, कचरा डेपोवरची जागा वाचते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तिथले पाणी नासले, हवा नासली आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. बाईच्या पोत्यात गेलेला प्रत्येक किलो त्या डोंगरावर पडला नाही. शिवाय तोच कागद गिरणीत जाऊन पुन्हा कागद झाला, पत्रा वितळून पुन्हा पत्रा झाला.

म्हणजे शहर या बायांवर उपकार करीत नव्हते. उलट शहरच त्यांचे देणे लागत होते. असा हिशेब हातात घेऊन बाई साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली, तेव्हा अर्जाची भाषा बदलली. आधी ‘मेहेरबानी करावी’ असे लिहिले जाई, आता ‘हक्क मिळावा’ असे लिहिले जाऊ लागले.

स्वच्छ : उंबरठ्यावरचे काम

या साऱ्या प्रवासातून २००७ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. आता बाई कुंडीवर जात नाही. साधारणपणे दोघींची जोडी अडीचशे-तीनशे घरे सांभाळते. सकाळी ढकलगाडी घेऊन त्या निघतात, दारोदार ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेतात, विकाऊ माल निवडून बाजूला काढतात आणि उरलेला पालिकेच्या गाडीत देतात. प्रत्येक घर महिन्याला ठरलेली रक्कम देते. ती रक्कम आणि भंगाराची विक्री, दोन्ही त्यांचीच. तीन हजारांहून अधिक कष्टकरी या संस्थेत सामील झाले आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

या बदलाने बाईला काय दिले, ते तिच्या दिवसात पाहावे. काळोखात घर सोडायची धास्ती गेली. कामाची वेळ ठरली, दुपारी मुलाच्या शाळेत डोकावता येऊ लागले. महिन्याच्या महिन्याला पैसा येईल याचा भरवसा आला. हातमोजे, गणवेश आला. आणि ज्या जिन्यावर पाऊल टाकायची बंदी होती, त्याच जिन्याने ती रोज वर जाऊ लागली. एखाद्या घरात तिला पाणी विचारले जाऊ लागले. आपल्या समाजाला पाण्याचे मोल कोणी सांगायला नको. चवदार तळ्यापासून ते आपल्याला पाठ आहे.

सगळीकडेच असे घडते असे मात्र नाही. आजही काही घरांत कचऱ्याचा डबा दाराबाहेर सरकवून दार लावून घेतात, काही इमारतींत लिफ्टने येऊ नका म्हणतात. महिन्याचे पैसे मागायला गेले की ‘उद्या ये’ म्हणणारे सुशिक्षित लोक आहेतच. कायदा आणि करार उंबरठ्यापर्यंत नेतात, पण उंबरठ्याच्या आतले मन बदलायला वेळ लागतो.

लाल ठिपका

एक प्रश्न असा होता की तो कोणी उघड बोलतच नसे. घरातले वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कचऱ्यात उघडे टाकले जात आणि बायांना ते हाताने निवडावे लागत. अनेकींना किळस आली, काहींची जेवणावरची वासना उडाली. हे सांगायचे कोणाला आणि कसे? तरीही त्यांनीच तोंड उघडले. असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल शाईने ठळक ठिपका करा, म्हणजे आम्हाला न उघडता कळेल, एवढीच त्यांची मागणी. खर्च शून्य, कष्ट मिनिटभराचे. बायांनी कागदाच्या साध्या पिशव्याही तयार केल्या. एवढेच नव्हे, तर २०१३ साली त्यांनी ही वापरलेली पॅड पोत्यांत भरून ती बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठविली. माल विकून नफा तुम्ही घेता, तर त्याचा कचरा उचलायची जबाबदारीही घ्या, असे बजावले.

२०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा गुंडाळून देण्याची आणि त्यासाठी उत्पादकांनी पिशव्या पुरविण्याची तरतूद आली. त्याच नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना शहराच्या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर आली. कुंडीवर वाकलेली बाई देशाच्या राजपत्रात पोहोचली.

आपल्या मनातला अवघड प्रश्न

इथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढणे सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे सांगितले. आपल्या आजा-पणजांनी उपाशी राहून ते पाळले. ज्या घाणीतून बाहेर पडायला त्यांनी एवढी किंमत मोजली, त्याच घाणीचे काम आपण आता कार्ड आणि गणवेश देऊन पक्के करायचे काय?

या प्रश्नात तथ्य आहे. ज्या कामाला जात चिकटलेली असते, ते काम कितीही नटविले तरी जात सुटत नाही, ही भीती खरी आहे. भारतात माणूस कामामुळे हलका ठरत नाही, तो जन्मानेच हलका ठरविला जातो आणि मग काम त्याच्या गळ्यात बांधले जाते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले आहे.

पण उत्तर देताना पोटाकडेही पाहिले पाहिजे. १९९३ साली पन्नाशीला टेकलेल्या, अंगठा उठविणाऱ्या बाईला ‘हे काम सोड’ म्हणणारे पुष्कळ होते, दुसरे काम देणारा कोणी नव्हता. काम सोडले असते तर कचरा काही पडून राहिला नसता. तो ठेकेदाराच्या गाडीत गेला असता आणि याच बाईची सून त्या गाडीवर कमी मजुरीत, बिनकार्डाची राबली असती. जात तशीच राहिली असती, फक्त मालक नवा आला असता.

या भगिनींनी दोन गोष्टी एकदम केल्या. स्वतःच्या हयातीत कामातली घाण, चोरीचा कलंक आणि लूट कमी केली. आणि मुलांच्या हातात आकडा देण्याऐवजी पाटी दिली. पहिल्या गोष्टीतून जो पैसा आणि वेळ हाती आला, तोच दुसऱ्या गोष्टीला लागला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा क्रम त्यांच्या बाबतीत थोडा उलटा झाला. त्या आधी संघटित झाल्या, मग झगडल्या, आणि त्यातून पोरे शिकली. क्रम बदलला तरी वाट तीच आहे.

भगवान बुद्धाच्या संघात सुनीत नावाचे भिक्खू होते. राजगृहात सुकलेली फुले झाडून टाकणे हे त्यांचे काम. भगवंतांनी त्यांना संघात घेतले आणि थेरगाथेत त्यांच्या गाथा आजही आहेत. बुद्धाने त्यांना झाडूसह दूर ठेवले नाही, आणि झाडूपाशीच ठेवूनही दिले नाही. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात. दरवर्षी गणेशविसर्जनाच्या वेळी पुण्यात नदीकाठी निर्माल्य गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या बाया पाहिल्या की अडीच हजार वर्षांपूर्वीची ती सुकलेली फुले आठवतात.

लढाई संपलेली नाही

हे सारे वाचून कोणी असे समजू नये की आता सगळे गोड झाले. पहिला पाच वर्षांचा करार २०१३ साली संपला, पुढचा व्हायला २०१६ साल उजाडले. मधल्या काळातही बाया दारोदार जातच राहिल्या. करार संपत आला की ठेकेदारी आणि मोठ्या यंत्रांच्या चर्चा सुरू होतात आणि पुन्हा मोर्चे काढावे लागतात. २०२० च्या करोनात सारे शहर दारे लावून बसले, तेव्हाही या बाया कचरा उचलीत होत्या. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. पण टाळ्यांनी पोट भरत नाही, करार लागतो.

आपल्या मंडळांनी काय घ्यावे?

प्रत्येक वस्तीचा प्रश्न कचऱ्याचा नसेल. कुठे पाण्याचा असेल, कुठे रेशनचा, कुठे दारूच्या गुत्त्याचा. पण पुण्याच्या या भगिनींकडून आपल्या महिला मंडळांनी चार गोष्टी जरूर घ्याव्यात.

पहिली, ज्याचा प्रश्न त्यालाच आधी विचारा. बाहेरच्याने ठरविलेला उपाय कागदावर राहतो.

दुसरी, मागणीबरोबर हिशेब ठेवा. आपल्या श्रमाची किंमत आपणच लिहून काढली नाही तर दुसरा ती शून्य लिहितो.

तिसरी, बचत आणि संघटना एकत्र चालवा. ज्याच्यावर सावकाराचे कर्ज आहे, तो मोर्चात फार काळ टिकत नाही.

चौथी, कागद मिळवा. ओळखपत्र, नोंदणी, सभेचा ठराव, करार, सारे जपून ठेवा. तोंडी आश्वासन साहेबाबरोबर बदलीवर जाते.

आणि घरातल्या प्रत्येकाने आजपासून करायची गोष्ट तर अगदी सोपी आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. फुटकी काच कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. पॅड आणि डायपर गुंडाळून लाल ठिपका करावा. दुधाची पिशवी धुऊन वाळवावी. आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईला नाव विचारावे, मावशी किंवा ताई म्हणावे, तिचे पैसे पहिल्या हाकेला द्यावेत. आपल्याच माणसांनी हे केले नाही तर इतरांना कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या वस्तीतल्या आक्का आता नाहीत. शेवटची काही वर्षे त्यांच्या गळ्यात कार्ड होते आणि ते त्या विहारात येतानाही काढत नसत. तरी बसत मात्र मागेच. त्यांनी सारे शहर झाडले, पोलिसाला उत्तर दिले, पालिकेच्या दारात बसून घोषणा दिल्या. पण ‘आक्का, पुढे या’ एवढे म्हणायचे काम त्यांचे नव्हते. ते आमचे होते, आणि ते आम्ही केले नाही.

येत्या पौर्णिमेला आपापल्या विहारात मागच्या रांगेकडे एकदा वळून पाहा.